तिसरी म्हैस

१

रामरावांची म्हैस शनिवारी पहाटे मेली आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत गावानं गुन्हेगारसुद्धा ठरवून टाकला. आमच्या गावात इतक्या जल्दी दुसरं कुठलंच काम होत नाही.

मी धर्मराज. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर. म्हणजे डॉक्टर सुई टोचतात आणि लाथ मी खातो. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं, भोकरदन तालुक्यातल्या या गावात माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळं लोक मलाही अर्धा डॉक्टर समजतात. ही समजूत मी कधी खोडून काढली नाही, आणि तीच या वेळी नडली. आमच्या डॉक्टर ज्योत्स्ना खरात मॅडम वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर अंबडला गेल्या होत्या. शुक्रवारी रामरावांनी मला बोलावलं. म्हैस तोंडातून लाळ गाळत होती, डोळे पांढरे पडले होते. मी मान हलवली आणि म्हणालो, "विषाचा परकार दिसून राह्यला."

विष म्हटलं की विष देणारा लागतो. रामरावांनी भावनाचं नाव घेतलं.

भावना म्हणजे सत्यशीलाबाईंची मुलगी, वय बावीस. आई गेली दहा वर्षं रामरावांच्या गोठ्यातलं शेण काढते, वैरण तोडते. मुलगी पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी दोन्ही पास झाली होती. चारित्र्य पडताळणी तेवढी राहिली होती. अशा वेळी तिच्या नावावर तक्रार झाली असती, तर हाती आलेली नोकरी लटकली असती.

रामरावांकडं दोन गोष्टी होत्या. एक, गोठ्यात पोत्यांच्या खाली सापडलेली कीटकनाशकाची बाटली. ती त्यांनी म्हैस आजारी पडायच्या आदल्या दिवशी भावनाच्या हातात पाहिली होती. दुसरी, आठ दिवसांपूर्वीचं भांडण. रामराव सत्यशीलाबाईंना म्हणाले होते, "पोरगी पोलीस झाल्यावर शेण कोण काढंल?" त्यावर भावना म्हणाली होती, "तुमचं तुम्ही काढा, आप्पा." सगळ्या गल्लीनं ते ऐकलं होतं.

खरं सांगतो, मलाही ते पटलं. बाटली मी पिशवीत घालून दवाखान्यात ठेवली आणि मोठं काम केल्यासारखा चहा प्यायलो.

दुपारी मॅडम अंबडहून आल्या. रामराव दारातच उभे होते. "मॅडम, विषबाधेचा दाखला द्या. सोमवारी ठाण्यात जायचं हाय."

"मेलेली म्हैस कुठं आहे?"

"पुरली."

"मग दाखला कशाचा देऊ?"

रामरावांनी खाली पाहिलं. "दुसरी पडली हाय. कालपासून तिचेबी डोळे पांढरे व्हायलेत."

२

गोठ्यात मॅडमनी आधी कुणालाच काही विचारलं नाही. त्यांची ही सवय मला सुरुवातीला शिष्टपणाची वाटायची. चाळिशीही न गाठलेली बाई, पण जनावराजवळ गेली की तिला घाई नसते.

म्हशीचा ताप एकशे सहा भरला. नाकातून घट्ट शेंबूड, नाकपुड्यांवर वाळलेल्या खपल्या, तोंड आतून सोललेलं, जबड्याखालच्या गाठी लिंबाएवढ्या सुजलेल्या. मॅडमनी खुरं उचलायला लावली. खुरं साफ होती, म्हणजे लाळ्या-खुरकूत नव्हतं. मग त्यांनी बॅटरी डोळ्यावर मारली आणि मला जवळ बोलावलं.

"मामा, पांढरं कुठून सुरू झालंय बघा."

मी पाहिलं. बुबुळाच्या कडेला गोल पांढरं कडं आलं होतं आणि मध्ये अजून काळं शिल्लक होतं. दोन्ही डोळ्यांत सारखंच.

"पहिलीचंही असंच होतं?" मॅडमनी विचारलं.

"असंच," रामरावांची बायको चतुराबाई पाठीमागून म्हणाल्या. "कडंनं साय धरत गेली. सहा दिवस तडफडली बिचारी."

"सहा दिवस," मॅडम पुटपुटल्या.

गोठ्यात आणखी दोन बैल, एक गावरान गाय आणि एक म्हैस होती. ही तिसरी म्हैस आजारी म्हशीला लागूनच बांधलेली, तिच्याच हौदातलं पाणी पीत होती. कान टवकारलेले, नाक ओलं. मला तिला पाहून बरं वाटलं.

"ही कधीची?"

"अक्षय तृतीयेच्या आठवड्यात भोकरदनच्या बाजारातनं आणली," रामराव म्हणाले. "हिला अजून काई झालं न्हाई. तिचा नंबर लागायच्या आत त्या पोरीला धरलं पायजे."

मॅडम दावणीजवळ वाकल्या. दावणीच्या पत्र्याची कड एका जागी उचकटली होती, आणि तिथं मळकट पांढऱ्या लोकरीचा एक पुंजका अडकला होता. त्यांनी तो सोडवून कागदात बांधला. रामरावांकडं मेंढरू एकही नाही. मी म्हटलं, कुणाची तरी घोंगडी अडकली असेल.

म्हशीचं रक्त दोन नळ्यांत घेतलं. रामराव घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पण ती पोरगी तुमच्यातली. तुमचा कागद लोक कसा मानतील?"

मॅडमनी नळीवर चिठ्ठी चिकटवली. "रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेत जाईल. त्यांना म्हैस कुणाची तेही माहीत नसतं आणि पोरगी कुणाची तेही. सोमवारपर्यंत थांबा. सोमवारी सकाळी मी इथं येते, तेव्हा ठरवा."

त्यांचा आवाज चढला नाही. मला मात्र मान वर करता येईना, कारण जे रामराव बोलले तेच मी मनात म्हटलं होतं.

३

रविवारी मॅडमनी सुट्टी घेतली नाही आणि मलाही मिळू दिली नाही.

पहिले गेलो तुळशीरामकडं. हा रामरावांचा धाकटा भाऊ. दोघांत बांधावरून सात वर्षं बोलणं नाही. गेल्या आठवड्यात त्यानं बांधावर तणनाशक मारलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावानं त्याचं नाव का घेतलं नाही हा विचार मला तेव्हा शिवलाही नाही.

"मारलं की," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या बांधावर मारलं. त्याचे बैल तिथंच चरतेत, रोज. बैलाला काई झालं का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग? अन् म्या भावाला शिव्या देतो, त्याच्या जनावराला देत न्हाई. ती म्हैस आईच्या हातची व्हती, वाटणीत त्याच्याकडं गेल्ती." एवढं सांगून तो वैरणीकडं वळला.

मग राधेश्याम. त्याचं पेंडीचं दुकान. सरकीची पेंड रामराव फक्त म्हशींना घालत, बैलांना नाही, म्हणून मला वाटलं की आता माणूस सापडला. बुरशीची पेंड जनावर मारते, हे मीही पाहिलंय.

राधेश्याम आधी रागावला, मग त्यानं आम्हाला मागच्या अंगणात नेलं. त्याच्या स्वतःच्या दोन म्हशी त्याच पोत्यातली पेंड खात होत्या. "हाच माल बारा घरी गेल्ता, मॅडम. बिलकुल कुणाची तक्रार न्हाई."

"आणि रामरावांची नवी म्हैस?"

"तीबी हेच खाऊन राह्यली. काल पोतं नेलं की त्यांनी."

बाहेर आल्यावर मॅडम गाडीला किल्ली न लावता नुसत्याच बसून राहिल्या. "मामा, तिसरी म्हैस तीच पेंड खाते, तेच पाणी पिते, आजारी म्हशीला अंग घासते. तिला काहीच होत नाही. का?"

"नशीब," मी म्हटलं.

"नशीब नको. एखादं कारण सांगा."

मला सुचलं नाही. आम्ही भावनाच्या घराकडं निघालो.

४

सत्यशीलाबाईंचं घर बुद्धविहाराच्या मागं. भावना ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होती. रोज पिंपळगावच्या रस्त्यावर पळायला जायची, आळ आला म्हणून तिनं पळणं सोडलं नव्हतं.

मॅडमनी बाटली काढून समोर ठेवली.

"हाव, ही म्याच नेली व्हती," भावना म्हणाली.

सत्यशीलाबाईंनी कपाळाला हात लावला. मला आता संपलं, असं वाटलं.

"काय होतं हिच्यात?"

"ते सांगून काय फायदा? बाटलीवर काय छापलंय तेच सगळे वाचून राह्यले. उघडून कुणी पाह्यली?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं आणि मी पायाकडं. बाटली माझ्या ताब्यात पूर्ण एक दिवस होती. मॅडमनी बूच काढून बाटली माझ्या नाकाखाली धरली. कडवट, जड वास. आमच्या दवाखान्यात हा वास रोजचा आहे. करंजाचं तेल. गोचिडांवर चोळतात ते.

"चतुराबाईंनीच मागितल्तं," सत्यशीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हशीला गोचीड झाले म्हून. आमच्याकडं दुसरी बाटली नव्हती. ही तीन डाव धुतली."

"मग चतुराबाई बोलत का नाहीत?"

नवऱ्यानं पारावर जाहीर केलेली गोष्ट खोटी आहे असं कुठली बायको चारचौघांत सांगते? ते मलाही कळत होतं.

मॅडमनी भावनाला एकच प्रश्न विचारला. "मार्च-एप्रिलमध्ये तू कुठं होतीस?"

"जालन्याला. मैदानाची तयारी, मंग लेखी. बुद्धपौर्णिमेला घरी आले, तव्हापासून आईच्या हाताखाली गोठ्यात जाते."

"म्हणजे तिसरी म्हैस तुझ्या आधी गोठ्यात आली."

"हाव. आठ-दहा दिवस आधी."

मॅडम उठल्या. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मामा, चला. आता मेंढरं शोधायची."

५

मेंढरं म्हणजे कल्याणची. हा धनगर वीस वर्षं आमच्या शिवारात येतो. रब्बी निघाली की शेतकरी आपल्या मोकळ्या रानात त्याची मेंढरं रात्री बसवतात, लेंडीखत जमिनीत जातं, आणि तो पुढच्या शेतात सरकतो. गावात कोण आलं, कोण गेलं असं विचारलं तर त्याचं नाव कुणी घेणार नाही. दरसाल येणारी गोष्ट कुणाच्या मोजणीत नसते.

तो जालन्याच्या रस्त्याला एका लिंबाखाली सापडला. कळपात दोनशे मेंढ्या, सगळ्या ठणठणीत.

"यंदा रामरावांच्या रानात किती दिवस होतास?" मॅडमनी विचारलं.

"रानात दोनच दिस. मंग गारा पडल्या ना एप्रिलात. कोकरं मरायला लागली. रामराव सोता टॉर्च घेऊन आले, म्हणले कोकरं गोठ्यात घे. देवमाणूस. आठ दिस कोकरं त्यायच्या दावणीत खात व्हती, हौदात पाणी पीत व्हती."

"केवढी होती कोकरं?"

"दिवाळीची. पाच-सहा महिन्यांची झाल्ती."

"आजारी कुणी होतं?"

कल्याण दुखावला. "एकबी शिंकलं न्हाई, मॅडम. माझी मेंढरं साफ हायेत."

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं उन्हानं त्यांना भोवळ आली असावी, कारण साफ मेंढरं पाहून कुठला डॉक्टर खूश होतो?

६

सोमवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा दुसरी म्हैस मरून पडली होती. रामराव टोपी घालून तयार होते. पारावरची पाच-सहा माणसंही आली होती, कारण तमाशा फुकट होता.

"आता तरी दाखला द्या," रामराव म्हणाले.

"देते. आधी ऐका." मॅडम दावणीच्या कठड्यावर टेकल्या. "पिकावरच्या औषधाची विषबाधा तासाभरात, नाहीतर दिवसात कळते. सहा दिवस एकशे सहा ताप, गाठी सुजणं, डोळ्यावर कडेकडून पडदा येणं, हे त्या विषाचं काम नाही. हे रोगाचं काम आहे."

"रोग असंल तर तिसरीला काहून झाला न्हाई? शेजारीच तर बांधली हाय," कुणीतरी विचारलं.

"बरोबर विचारलंत. दोन म्हशींना जे मिळालं ते तिसरीला मिळालं नाही. पेंड मिळाली, पाणी मिळालं, वैरण मिळाली. मग काय मिळालं नाही? ती मे महिन्यात आली. म्हणजे जे झालं ते मेच्या आधी झालं, भावना जालन्यात असताना. आणि आजारी म्हशीकडून हा रोग दुसऱ्या म्हशीला जात नाही, म्हणून ती शेजारी बांधूनही चांगली राहिली." त्यांनी कागद उलगडून लोकर दाखवली. "एप्रिलमध्ये या दावणीत कोण जेवत होतं, रामराव?"

रामरावांनी लोकर बोटांत धरून पाहिली. "कल्याणची कोकरं. पण ती तर चांगली व्हती."

"चांगलीच असतात. हा विषाणू मेंढरांच्या अंगात जन्मभर राहतो, त्यांना काही करत नाही. पाच-सहा महिन्यांच्या कोकरांच्या नाकातून तो सगळ्यात जास्त बाहेर पडतो. गावरान गाय-बैल सहसा तो पचवतात, म्हशीला मात्र पचत नाही. तिला लागला की आठवडे, महिने गप्प बसतो, आणि मग मारतो."

"अंगात राहून गप्प कसा बसंल?" रामरावांनी विचारलं.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "मामा, गेल्या वर्षी तुमच्या कमरेला काय झालं होतं?"

"नागीण," मी म्हणालो. त्या महिन्याची आठवण कुणी काढलेली मला आवडत नाही.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"सहावीत असताना."

"त्याच कांजिण्यांचा विषाणू तुमच्या अंगात चाळीस वर्षं झोपला आणि गेल्या साली नागीण होऊन उठला. ताप आला की ओठावर फोड येतात, आपण जर मुतला म्हणतो, तोही याच खानदानातला. हर्पिस म्हणतात. प्रत्येक जातीच्या जिवाला आपापला असतो आणि आपल्या घरच्याला तो सहसा सांभाळून घेतो. जात बदलून दुसऱ्याच्या अंगात गेला की मात्र त्याला ओळख राहत नाही. मेंढीचा म्हशीत गेला, म्हणून म्हैस मेली. माणसाला हा मेंढीचा लागत नाही, घाबरू नका."

"दरसाल मेंढरं बसतेत," रामराव म्हणाले. "आजवर कधी न्हाई झालं."

"दरसाल रानात बसतात. गोठ्यात यंदाच आली. तुम्ही कोकरं वाचवली, त्यात वाईट काही केलं नाही. माहीत नव्हतं, एवढंच."

"अन् बाटली?" रामरावांनी विचारलं.

उत्तर चतुराबाईंनी दिलं. पदर सावरत त्या माणसांच्या मधे आल्या. "बाटलीत करंजाचं तेल व्हतं. म्या मागितल्तं. तुमी पारावर बोलून आल्ता, मंग माझ्या तोंडाला कुलूप लागलं. दोन दिस झोप न्हाई मला."

रामरावांनी टोपी काढून हातात धरली. ठाण्यात ते गेले नाहीत. पण पारावरची माणसं कुजबुजत परतली, बाईमाणसाचं बोलणं आणि मॅडमचा तर्क, कागद आल्याबिगर काही खरं नाही. म्हणजे भावनाची सुटका अजून अर्धीच झाली होती.

७

कागद बाराव्या दिवशी आला. दोन्ही नळ्यांत मेंढीचा हर्पिस विषाणू. विष कसलंच नाही. तिसरी म्हैस तोवर दुधाला चार लिटरवर गेली होती.

रामराव, मॅडम आणि मी कागद घेऊन सत्यशीलाबाईंच्या ओट्यावर गेलो. रामरावांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या ओट्यावर पाय ठेवला असावा. ते बसले आणि म्हणाले, "पोरी, चुकी झाली."

मीही म्हणालो, "माझीपण. विष हा शब्द पहिले म्या काढला. अन् मनातबी तुलाच धरलं व्हतं."

मला वाटलं ती रडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. तिनं कागद पूर्ण वाचला, घडी केली आणि आईकडं दिला.

"आप्पा, एक इचारू? तुळशीराम काका तुमचे वैरी. राधेश्याम पेंड देतो. कोकरं तर तुमच्याच दावणीत व्हती. यातलं एकबी तुमच्या ध्यानात आलं न्हाई. म्हैस पडली अन् पहिलं नाव माझंच कसं आलं?"

मला त्या घटकेला अतिशय लाज वाटली. भावना आत जाऊन चहा घेऊन आली. आम्ही तो मुकाट्यानं प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार पडताळणीला आले. पारावर खुर्ची मांडली. गावातले दोन प्रतिष्ठित म्हणून त्यांनी सरपंचांना आणि रामरावांना विचारलं.

"पोरगी सोन्यासारखी हाय," रामराव म्हणाले. "अन् साहेब, म्या तिच्यावर खोटा आळ घेतल्ता, तेबी लिहा."

हवालदारांनी पेन थांबवलं. "तक्रार दिली होती का?"

"न्हाई."

"मग कशाला लिहायचं? उगीच वर कुणीतरी शंका काढील, पोरीचंच अडेल. वर्तणूक चांगली, एवढं बास आहे."

"मंग माझं कुठं मांडू?"

"ते तुम्ही बघा," हवालदार म्हणाले आणि कागदावर सही घेतली.

तेवढ्यात भोकरदनची बस आली. पारावरची माणसं उठली, पिशव्या उचलल्या, निम्मी चढलीसुद्धा. रामराव बसच्या दारापाशी गेले आणि आतल्या-बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जरा ऐका. माझी म्हैस रोगानं मेली. म्या भावनाचं नाव घेतलं, ते खोटं व्हतं. तिनं मला इचारलं, पहिलं माझंच नाव कसं आलं. रातभर इचार केला, मला जबाब देता आला न्हाई. तुमी सगळ्यांनी माझं ऐकून मान हलवली, तव्हा तुमच्यापैकी कुणाला येत असंल तर सांगा."

चढणारे पायरीवरच थांबले. कंडक्टरनं घंटीच्या दोरीकडं नेलेला हात खाली घेतला, आणि त्या दिवशी बस पाच मिनिटं उशिरा सुटली.